दाणी डॉक्टरांची सही

डॉक्टर पुरुषोत्तम दाणींना कुणाला नाही म्हणता येत नसे. हा दोष नागपूरपासूनचा. डेट्रॉइटला येऊन एकोणीस वर्षं झाली तरी तो गेला नव्हता. उलट इथल्या मराठी मंडळींनी त्याला चांगलं खतपाणी घातलं होतं. कुणाच्या सासऱ्यांची ब्लडप्रेशरची गोळी भारतातून आणलेली संपली, की दाणींना फोन. कुणाच्या बायकोला रविवारी सकाळी घेरी आली, की दाणींना फोन. खरं तर ते मोठ्या माणसांचे साधे फिजिशियन. पण लोक त्यांना लहान मुलांच्या दातांपासून म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांपर्यंत सगळं विचारत, आणि दाणी पोह्यांची बशी हातात धरून सगळ्यांना उत्तरं देत. ‘आपल्यातला डॉक्टर’ म्हणून कुणी हाक मारली की त्यांचा चेहरा असा खुलायचा, की बघणाऱ्याला हसू यावं.

गणपतीत तर ते देवाच्या खालोखाल. त्याचं कारण अमेरिकन शाळा. इथे मुलाला फुटबॉल खेळायचा असो की पोहायचं असो, ऑगस्टअखेर एक फॉर्म द्यावा लागतो. डॉक्टरने मूल तपासायचं, छाती ऐकायची, घरात कुणाला काय झालं होतं ते विचारायचं आणि खाली सही करायची. अपॉइंटमेंट घ्यायला गेलं तर तीन आठवडे थांबा. नेमका त्याच सुमाराला मंडळाचा गणपती येई. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतलेलं, चारशे माणसं जमलेली, आणि त्यात दाणी. मग कुणीतरी एका वर्षी फॉर्म घेऊन आलं, पुढच्या वर्षी पाच जण आले, आणि बघता बघता रीतच पडली. आरती झाली की कॉफीच्या पिंपाजवळ दाणींसाठी खुर्ची ठेवली जाई. समोर मुलांची रांग. “काय रे, काही त्रास?” “नो, अंकल.” पाठीवर एक थाप, कागदाची पालथी पत्रावळ हेच टेबल, आणि सही. स्टेथोस्कोप घरी असायचा. तिथे ढोल-ताशांच्या कॅसेटपुढे ऐकू तरी काय येणार होतं?

१९८७ च्या गणपतीत त्या रांगेत शैलेंद्र सबनीस उभा होता. वय सतरा, उंची सहा फूट एक इंच, आणि डाव्या भुवईवर टाक्यांची जुनी खूण. त्याचे वडील गिरीश सबनीस मोटारींच्या कंपनीत इंजिनियर, दाणींपेक्षा सहा वर्षांनी धाकटे. पोराने क्रिकेटची बॅट धरावी म्हणून त्यांनी फार धडपड केली होती. पण शेजारच्या मुलांबरोबर गोठलेल्या तळ्यावर गेलेला शैलू पाचव्या वर्षापासून जणू बर्फावरून परतलाच नाही. आइस हॉकी हा खेळ म्हणजे आईबापांनाही जुंपणारा. बर्फाचं मैदान मिळायचं पहाटे पाचला. गिरीश बारा वर्षं अंधारात गाडी काढत होते, थंडीत पाय आपटत काचेमागे उभे राहत होते. पोरगं एकेका वयोगटातून वर चढत गेलं. बाकीची मराठी मुलं स्पेलिंगच्या स्पर्धा जिंकत होती, आणि सबनीसांचा शैलू गोल करत होता. मंडळात लोक तोंडावर कौतुक करायचे आणि पाठ वळली की म्हणायचे, “अभ्यासाचं काय?”

आता मात्र बोलायला जागा राहिली नव्हती. उत्तर मिशिगनमधल्या गेलॉर्ड गावी एका ज्युनियर संघाचा निवड-कॅम्प होता, आणि त्याला शैलूला बोलावणं आलं होतं. साठ मुलांतून वीस ठेवणार. त्या विसांचे सामने बघायला मोठ्या कॉलेजांची आणि व्यावसायिक संघांची माणसं वह्या घेऊन बसतात. अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, ज्यांची नावं पुकारली जातात, ती अशाच ठिकाणी आधी त्या वह्यांत उतरलेली असतात. कॅम्प रविवारी सकाळी सुरू होणार होता. म्हणून सबनीस मंडळी शनिवारी आरती झाल्यावर, महाप्रसाद खाऊन, कॅफेटेरियातूनच परस्पर निघणार होती. गाडीच्या टपावर हॉकीच्या काठ्या बांधलेल्या होत्या.

“डॉक्टर, एवढी एक सही,” गिरीश म्हणाले. फॉर्म त्यांनी सुवाच्य अक्षरात भरून आणला होता.

“अरे, हा तर घोडा आहे घोडा!” दाणी म्हणाले. त्यांनी शैलूच्या पाठीवर थाप मारली आणि सही ठोकली. “टीव्हीवर दिसलास की काकांना विसरू नकोस.”

शैलू हसला, वाकून पाया पडला आणि गेला.

रविवारी सकाळी सात वाजता दाणी चहा पीत होते. त्यांची बायको उत्तरा कालच्या उरलेल्या मोदकांचे डबे लावत होती. उत्तरा बोलकी, पण उगाच बोलणारी नव्हे. काल भांडी घासताना शैलूची आई तिच्या शेजारी उभी होती, त्यावरून विषय निघाला.

“वीणा सांगत होती, उन्हाळ्यात शैलूला प्रॅक्टिसमध्ये दोनदा चक्कर आली. एकदा तर बाकावर बसल्या बसल्याच कलंडला. पोराने बापाला सांगू दिलं नाही म्हणे. आणि ही आधीच घाबरलेली. गिरीशचा धाकटा भाऊ होता ना, प्रल्हाद, तो असाच गेला. एकवीस वर्षांचा. पुण्यात मॅच खेळत होता, दुसरी रन घ्यायला वळला आणि पिचवरच पडला. ऊन लागलं म्हणाले सगळे. गिरीशला तो विषय काढलेला चालत नाही.” तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. “काल मला म्हणाली, डॉक्टरांनी सही केली तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. तुम्ही ऐकलीच असेल ना छाती.”

दाणींनी हातातला कप खाली ठेवला.

नागपूरच्या मेडिकल कॉलेजात त्यांना एक गोष्ट घोकून घोकून शिकवली होती. तरणाताठा मुलगा धावताना अचानक पडून मेला असेल तर त्याच्या रक्ताच्या नातेवाइकांची छाती ऐका. हृदयाचा मधला पडदा जाड होण्याचा एक विकार असतो. तो घराण्यातून उतरतो. पोरगं दिसायला ठणठणीत असतं, आणि जीव तोडून धावताना एखाद्या क्षणी हृदय ताल सोडतं. पुढचं बोलायचं काम नाही. फॉर्मवर तिसराच प्रश्न होता: घरात पन्नाशीच्या आत कुणी अचानक गेलं का? गिरीशने ‘नाही’वर खूण केली होती. तो खोटं बोलला नव्हता. त्यांच्या घरी प्रल्हादला ऊन लागलं होतं.

“अहो, काय झालं?” उत्तराने विचारलं.

“मी ऐकली नाही,” दाणी म्हणाले.

इथे एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. दाणींना त्या क्षणी शैलू आठवायला हवा होता, पण आधी आठवलं ते लायसन्स. मेडिकल बोर्डाचं पत्र, वकील, वर्तमानपत्रात नाव, आणि मंडळातल्या चारशे माणसांनी त्यांच्याकडे वळवलेली मान. पोरगा त्यानंतर आठवला. आणि तो आठवताच आपल्याला आधी काय आठवलं होतं तेही लक्षात आलं, तेव्हा त्यांना स्वतःची इतकी किळस आली की चहा पुढे जाईना.

फोन कंपनीच्या डायरेक्टरीवाल्या बाईकडून त्यांनी गेलॉर्डच्या रिंकचा, म्हणजे बर्फाच्या मैदानाचा, नंबर मिळवला. आठ वाजता पलीकडे एका माणसाने फोन उचलला. मागे हास्यविनोद चालले होते, काठ्या आपटल्याचे आवाज येत होते. मुलं साडेनऊला बर्फावर उतरणार, अकराला दोन संघ करून सामना खेळवणार, असं त्याने आनंदाने सांगितलं. “कुठल्या मुलाबद्दल विचारताय? तुम्ही कोण?”

दाणींनी तोंड उघडलं. मी डॉक्टर दाणी, मी एका मुलाला न तपासता तपासलं म्हणून लिहून दिलं, त्याला खेळवू नका. एवढंच वाक्य. एका अनोळखी माणसाला सांगायचं, तो ते कुठेतरी लिहून ठेवणार. पण ते वाक्य बाहेर आलं नाही. त्यांनी फोन ठेवून दिला.

उत्तरा बघत होती. “मी सांगू?” ती म्हणाली.

“नको. मी प्रत्यक्ष जातो. फोनवर नीट समजणार नाही त्यांना.”

“साडेतीन तास लागतात.”

“ठाऊक आहे.”

ती पुढे काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दाणींनी बॅगेतला स्टेथोस्कोप घेतला आणि घरातल्या सपाता घालूनच ओल्ड्समोबिल गाडी बाहेर काढली.

फ्लिंट गेलं, सॅगिनॉ गेलं. रविवारचा रिकामा हायवे, दोन्ही बाजूंना मका, निळंभोर आकाश. अशा दिवशी माणसं मासे पकडायला जातात.  दाणी मोठ्यांदा स्वतःशी मराठीत वाद घालत होते. चक्कर काय, कुणालाही येते. पोरं पाणी पीत नाहीत. प्रल्हादला खरंच ऊन लागलं असेल, पुण्याचा एप्रिल म्हणजे काय थट्टा आहे? बारा वर्षं खेळतोय, व्हायचं असतं तर आत्तापर्यंत झालं असतं. इथवर आले की थोडं बरं वाटायचं. मग त्यांच्यातला नागपूरचा विद्यार्थी उठून सांगायचा, की प्रल्हादही बरीच वर्षं खेळला होता.

बे सिटीच्या पुढे विश्रांतीच्या जागी फोनचं खोकं दिसलं. घड्याळात पावणेदहा झाले होते. म्हणजे मुलं बर्फावर. दाणींनी गाडी बाजूला घेतली, खिशातली चिल्लर काढली, खोक्यापर्यंत गेले आणि रिसीव्हर उचलला. एक ट्रकवाला मागे येऊन उभा राहिला. “घाई नाही, निवांत बोला,” तो म्हणाला. त्याच्यादेखत हे बोलायचं? दाणींनी रिसीव्हर परत अडकवला आणि त्याला जागा करून दिली. गाडीत येऊन बसल्यावर ते रडले. बावन्न वर्षांचा माणूस, तीन हॉस्पिटलांत मान असलेला, सपाता घालून हायवेच्या कडेला हुंदके देत होता. दोन मिनिटांचं काम होतं आणि ते त्यांच्याच्याने होत नव्हतं. मग त्यांनी डोळे पुसले आणि गाडी ताशी नव्वद मैलांवर नेली. पोलिसाने पकडलं तर त्याला तरी सगळं सांगून टाकू, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण पोलीस भेटला नाही.

सव्वाअकराला ते रिंकवर पोचले. बाहेर उन्हाळा आणि आत पाऊल टाकताच हाडं गोठवणारी थंडी. साठ मुलं, सगळ्यांच्या डोक्यांवर शिरस्त्राणं, पाठीवर नुसते आकडे. कोण कुठला, काही कळेना. या खेळात चाळीस-पन्नास सेकंद जिवाच्या आकांताने खेळतात, बाकावर येतात, धाप ओसरली की पुन्हा उडी. एक मुलगा काचेवर धाडकन आदळून पडला, तेव्हा दाणी पुढे धावले. तो उठला. तो शैलू नव्हता. वरच्या रांगेत चार-पाच माणसं मांडीवर वह्या ठेवून, कॉफी पीत बसली होती.

गिरीश काचेपाशी उभे होते. त्यांनी दाणींना पाहिलं आणि त्यांचा चेहरा आनंदाने फुलला. “डॉक्टर! तुम्ही? एवढ्या लांब खास शैलूसाठी आलात? वीणा, बघ कोण आलंय! अहो, दोन गोल केलेत पोराने. सतरा नंबर. तो वरचा टोपीवाला दोनदा लिहिताना पाहिला मी.”

“गिरीश, त्याला बाहेर काढ.”

“काय?”

“त्याला आत्ता बाहेर काढ. मी काल त्याची छाती ऐकली नाही. तू प्रल्हादबद्दल लिहिलं नाहीस आणि मी विचारलं नाही.”

गिरीशचा चेहरा बघवेना. वीणाने तोंडावर हात ठेवला आणि खाली बाकावर बसली. गिरीश हळू आवाजात म्हणाले, “प्रल्हादला ऊन लागलं होतं.” मग दाणींचा दंड घट्ट धरून, “बारा वर्षं, डॉक्टर. आजचा एक दिवस. तुमची सही आहे त्या कागदावर! तुम्ही स्वतः केलेली! आज संध्याकाळी ऐका ना छाती, हवी तेवढी ऐका. वीस मिनिटं उरलीत फक्त.”

वीस मिनिटं. दाणींना खरंच वाटून गेलं की थांबावं. गिरीश त्यांचा मित्र होता, आणि त्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे. तेवढ्यात समोर सतरा नंबर बाकावरून उडी मारून बर्फावर उतरला.

दाणींनी दंड सोडवून घेतला. खेळाडूंच्या बाकामागचं दार ढकलून ते आत घुसले आणि कोचच्या अंगावरच ओरडले, की मी डॉक्टर आहे, सतरा नंबरचा फॉर्म खोटा आहे, त्यावर सही माझीच आहे. जे वाक्य सकाळपासून घशात अडकलं होतं ते असं निघालं, सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं. कोचने त्यांच्या सपातांकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता शिट्टी वाजवली. हुज्जत नाही, काही नाही. फोनवर त्या माणसानेही असंच केलं असतं, हे दाणींना तेव्हा कळलं.

प्रथमोपचाराच्या छोट्या खोलीत दोघंच होते. गिरीश बाहेर उभे होते, त्यांना आत यायचा धीर झाला नाही. शैलूने जर्सी आणि छातीचं कवच काढलं. अंगातून वाफ निघत होती. त्याने एक शब्दही विचारला नाही, ना चिडला, ना रडला. दाणींना त्याचं नवल वाटलं, पण विचार करायला वेळ नव्हता.

“आधी श्वास खाली बसू दे. आता उकिडवा बस.”

स्केट्स घालून तो अवघडून खाली बसला. दाणींनी गुडघे टेकून स्टेथोस्कोप लावला. ठोके वेगात, नीट. देवा, नीट आहेत. दोन ठोक्यांच्या मध्ये अगदी बारीक, कापड घासल्यासारखा आवाज. नसेलही. बर्फ गोठवणारी मशीनं घुरघुरत होती.

“उभा राहा.”

शैलू भिंतीला धरून उभा राहिला, आणि तो आवाज वाढला. मोठा झाला, खरखरीत झाला. दाणींनी त्याला पुन्हा बसवलं, आवाज लहान झाला. पुन्हा उभं केलं. त्या जाड पडद्याचा आवाज, पुस्तकात जसा लिहिलाय तसा, शिकवला तसा. तीसेक वर्षांपूर्वी परीक्षेत हा त्यांनी बरोबर ओळखला असता तर शाबासकी मिळाली असती.

त्यांनी नळ्या कानातून काढल्या. “शैलू, बेटा, मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या कराव्या लागतील. तोपर्यंत खेळायचं नाही. धावायचं पण नाही.”

“तोपर्यंत की कधीच?”

“बहुतेक... कधीच.”

शैलू बाकावर बसला. तो बुटांच्या पात्यांवरचा बर्फ अंगठ्याने खरवडू लागला.

“आय न्यू, काका,” तो म्हणाला. “म्हणजे हे एक्झॅक्टली नाही, पण काहीतरी राँग आहे ते माहीत होतं. आज पण सेकंड गोलनंतर डोळ्यांपुढे ब्लॅक झालं. आय वॉज सो स्केअर्ड. पण सांगितलं असतं तर आउट.”

“अरे, मग तुझ्या नेहमीच्या डॉक्टरने कसं—”

“त्याच्याकडे गेलोच नाही ना. तो नीट चेक करतो, उठा-बसायला लावतो. मीच डॅडला म्हटलं, फॉर्म गणपतीत दाणी काकांकडे घेऊन जाऊ.” त्याने वर पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो फक्त खरं सांगत होता. “एव्हरीबडी नोज, काका. आम्ही सगळे किड्स एकमेकांना सांगतो. कुणाला काही असलं, आणि डॉक्टरने पकडू नये असं वाटलं, की तुमच्या लाइनमध्ये उभं राहायचं.”

दाणी जमिनीवरच बसून राहिले. बाहेरून गिरीशने दारावर हलकेच टकटक केली आणि विचारलं, “डॉक्टर, झालं का?”

ते ऐकत नव्हते. काल किती सह्या केल्या, ते आठवून पाहत होते. वीस? पंचवीस? शैलूच्या आधी निळ्या कुर्त्यातला एक मुलगा होता, सारखा खोकत होता. त्याच्या आधी दोन वेण्यांची मुलगी. ती पोहते, असं तिची आई म्हणाली होती, आणि मुलगी “नो, अंकल” म्हणताना खाली बघत होती. तिचं नाव काय होतं? आडनाव? दाणींनी डोळे मिटून घेतले आणि तिचा फॉर्म डोळ्यांसमोर आणायचा खूप प्रयत्न केला. त्यांना त्यावर फक्त आपली सही दिसत होती. वरचं नाव त्यांनी वाचलंच नव्हतं.